राऊटरला जागा द्या, तारीखही द्या

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर ऐन हंगामात नेट सारखं तुटायला लागलं. सकाळी अकरापर्यंत ठीक, मग दुपारी चारपर्यंत धरसोड, संध्याकाळी पुन्हा सुरळीत. मालक वैतागून गेले होते. "नेटवाला दोनदा येऊन गेला, दादा. लाईन ओके हाय म्हणतोय. मग गाडी भरून उभारली की नेमकं ई-वे बिलाच्या वक्तालाच कसं जातंय?" राऊटर कुठे आहे असं विचारलं, तर त्यांनी वर बोट केलं. पोटमाळ्याच्या फळीखाली, छपराच्या पत्र्यापासून हातभर अंतरावर, एका खिळ्याला राऊटर टांगलेला होता. त्याचा अ‍ॅडॉप्टर एक्स्टेंशन बोर्डात अर्धवट बसलेला, आणि तो बोर्ड स्वतःच्याच वायरीला लोंबकळत होता.

शिडी लावून राऊटर खाली उतरवला तर हाताला चटका बसला. झाकण उघडलं तेव्हा चिपवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये हळदीची भुकटी गच्च बसलेली दिसली. वारा खेळायला फट म्हणून उरली नव्हती. दुपारी पत्रा तापला की हा डबा तापायचा, अडखळायचा आणि आपोआप रीस्टार्ट व्हायचा. लॅपटॉप जोडून आत शिरलो, तर फर्मवेअर २०१७ सालचं. बसवल्या दिवसापासून त्याला कुणी हात लावलेला नव्हता. मालकांचं म्हणणं सरळ होतं : "चालतंय न्हवं, मग कशाला हात लावायचा?"

छोट्या धंद्यांची नेटवर्क लावायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. हे वाक्य ऐकलं नाही असा महिना जात नाही. त्यामागची भीती खरी आहे, कारण अपडेट करताना राऊटर कायमचा बंद पडल्याच्या गोष्टी प्रत्येकाने ऐकलेल्या असतात. पण ही भीती मुळात येते कुठून, हे पाहायला गेलं की आपण पुन्हा त्या खिळ्यापाशीच येतो. ज्या राऊटरचा वीजपुरवठा लोंबकळतो, ज्याच्यापर्यंत पोचायला शिडी लागते आणि ज्याची कुठली केबल कुठे जाते हे कुणालाच ठाऊक नसतं, त्याला हात लावायला भीती वाटणारच. राऊटर नीट बसवणं आणि त्याचं फर्मवेअर ताजं ठेवणं ही वरवर पाहता दोन वेगळी कामं आहेत. एक ड्रिल मशीनचं, दुसरं लॅपटॉपचं. माझा अनुभव असा, की पहिलं नीट झालं असेल तरच दुसरं होतं.

आधी भिंतीवरच्या कामाकडे येऊ.

रॅक म्हणजे ठरावीक मापाची भोकं पाडलेल्या दोन उभ्या लोखंडी पट्ट्या. त्याचं रुंदीचं माप १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. हे माप संगणकांच्या फार आधीचं आहे. अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने १९२२ च्या सुमाराला एक्स्चेंजमधली उपकरणं रचण्यासाठी ते पक्कं केलं. त्याआधी तिथेही आवाज वाढवणारी रिपीटर यंत्रं फळ्यांवर, लाकडी खोक्यांत, जिथे जमेल तिथे ठेवत असत. म्हणजे आपल्या पोटमाळ्यावर आज जी स्थिती आहे, ती शंभर वर्षांपूर्वी त्यांच्याकडेही होती. यंत्रं वाढली, जागा पुरेना, तेव्हा माप ठरलं. त्या काळचं ते माप आजही तसंच आहे, आणि कुठल्याही कंपनीचा स्विच कुठल्याही कंपनीच्या रॅकमध्ये बसतो तो त्यामुळेच.

उंची मोजायचं एकक 'यू'. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. दुकानदार ४ यू, ६ यू, ९ यू, १२ यू अशा भाषेत भिंतीवरचे रॅक विकतात. छोट्या ऑफिसला ६ यू पुरेल असं वाटतं, पण मी ९ यू घ्यायला सांगतो. पॅच पॅनल एक यू, केबल मॅनेजर एक यू, स्विच एक यू, राऊटरचा शेल्फ, कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा शेल्फ, वीज वाटणारी पट्टी, हे सगळं मांडल्यावर ६ यूमध्ये हात घालायलाही जागा उरत नाही. खोलीसुद्धा आधी मोजावी. डीव्हीआरच्या मागून निघणाऱ्या कॅमेऱ्याच्या केबलींना वळायला जागा लागते, आणि ती नसली की दार लागत नाही. मग ते दार कायमचं उघडं राहतं आणि रॅक घेतल्याचा अर्धा उपयोग संपतो.

रॅकच्या भोकांत एक गंमत आहे, ती नीट बघून ठेवण्यासारखी आहे. पट्टीवरची चौकोनी भोकं समान अंतरावर दिसतात, पण नसतात. दोन भोकांमधलं अंतर आधी १५.८८ मिलिमीटर, मग पुन्हा १५.८८, आणि मग १२.७. हाच क्रम वरपासून खालपर्यंत चालतो. जी दोन भोकं एकमेकांच्या जवळ दिसतात, त्यांच्या बरोबर मधोमध एका यूची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. म्हणजे एका यूची तीन भोकं ओळखायची खूण ही : मधलं भोक धरा, त्याच्या वर आणि खाली सारखंच अंतर असलं पाहिजे. हे न पाहता केज नट एक भोक खाली बसवला, तर स्विच बसतो खरा, पण त्याच्या वर बोटभर फट राहते आणि खालच्या उपकरणाला जागा कमी पडते. मग कुणीतरी ताकद लावतो आणि पट्टी वाकते.

केज नट म्हणजे पत्र्याच्या छोट्या पिंजऱ्यात बसवलेला सुटा नट. आपल्याकडे तो बहुधा एम ६ मापाचा असतो. त्याचे दोन पंख डावी-उजवीकडे ठेवून आधी एक पंख भोकात अडकवायचा, दुसरा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने किंवा त्यासाठीच्या आकड्याने दाबून आत घ्यायचा. तो हाताने दाबायला जाऊ नका. पंख सटकला की नखाखालची कातडी सोलून निघते. नट आतून बसतो, स्क्रू बाहेरून येतो. उपकरणाचं वजन खालच्या स्क्रूंवर आधी घ्यायचं, आणि चारही स्क्रू हाताने लागल्यावरच एकेक करून आवळायचे.

छोट्या धंद्यांचे बरेच राऊटर १९ इंच रुंद नसतात. काहींच्या खोक्यात दोन्ही बाजूंना लावायच्या एल आकाराच्या पट्ट्या येतात. आम्ही त्यांना राऊटरचे कान म्हणतो. लॅटव्हियातल्या मायक्रोटिक कंपनीच्या आरबी ४०११ बरोबर असे कान मिळतात, आणि त्यांच्याच आरबी ५००९ ची रचना तर अशी आहे की वेगळा संच घेतला तर चार राऊटर एका यूमध्ये शेजारी शेजारी बसतात. ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी जाळीदार शेल्फ घ्यावा आणि राऊटर वेल्क्रोच्या पट्टीने त्यावर बांधावा. शेल्फचा पत्रा भोकांचाच हवा, म्हणजे खालून वारा मिळतो. एका राऊटरवर दुसरा, त्यावर फायबरचा डबा अशी उतरंड रचू नये. खालच्याची सगळी धग वरचा घेतो.

उष्णतेचा हिशोब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अनेक छोट्या राऊटरांच्या कागदांवर ० ते ४० अंश सेल्सिअस अशी मर्यादा छापलेली असते. हे तापमान खोलीचं नाही, राऊटरच्या भोवतीच्या हवेचं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बाहेरच पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या बंद कपाटात काय होत असेल ते सांगायला नको. अ‍ॅडॉप्टर आणि राऊटरच्या आत जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, त्यांचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. उन्हाळ्यात एका ओळीने अ‍ॅडॉप्टर उडतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून रॅक पत्र्यापासून, पश्चिमेच्या भिंतीपासून आणि चहाच्या गॅसपासून लांब, डोळ्यांच्या उंचीवर असावा. हळद, सिमेंट, पीठ, कापसाचा तंतू उडणाऱ्या जागी पंख्याच्या जाळीला फिल्टर लावावा आणि तो महिन्याला झटकावा.

भिंत कसली आहे ते ड्रिल लावण्याआधी ठोकून बघा. पक्क्या विटेच्या भिंतीत अँकर फास्टनर घट्ट बसतो. नव्या इमारतींत सायपोरेक्सचे हलके ब्लॉक असतात. त्यात तोच फास्टनर वर्षभरात सैल होतो, म्हणून त्या ब्लॉकसाठी मिळणारे वेगळे प्लग वापरावेत, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घ्यावा. जिप्समच्या पार्टिशनवर रॅक लावायचाच असेल, तर आतल्या चौकटीला आधी जाड प्लायवूड ठोकून घ्या.

यूपीएस मात्र भिंतीवरच्या रॅकमध्ये घालू नका. त्यातली शिशाची बॅटरी जड असते आणि तिला उष्णताही सोसत नाही. तो रॅकच्या खाली ठेवायचा. खाली म्हणजे थेट जमिनीवरही नको. सांगलीकरांना हे वेगळं सांगायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. लोखंडी अँगलचं एक स्टँड करून यूपीएस त्यावर ठेवायला फार खर्च येत नाही.

राऊटर, फायबरचा डबा आणि छोटा स्विच मिळून बहुधा तीस-चाळीस वॅटच्या वर खात नाहीत. चांगली बॅटरी असलेला साधा ६०० व्हीएचा यूपीएस एवढ्या भारावर अर्धा तास तरी निभावतो. तरी मी जातो त्या दहा ठिकाणांपैकी निम्म्या ठिकाणी यूपीएस संगणकाला असतो आणि राऊटर साध्या प्लगवर. लाईट गेल्यावर संगणक चालू, नेट बंद. या उलट्या मांडणीची किंमत फर्मवेअर अपडेट करताना मोजावी लागते. ती मी स्वतः मोजली आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दवाखान्यात रात्री साडेआठला, शेवटचा पेशंट गेल्यावर, मी राऊटरचं अपडेट सुरू केलं. पडद्यावरची हिरवी पट्टी साठ टक्क्यांपर्यंत गेली आणि लाईट गेली. चार मिनिटांनी आली. राऊटरचा एकच दिवा पेटला आणि तसाच स्थिर राहिला. लॅपटॉपला पत्ता मिळेना, लॉगिनचं पान उघडेना. डॉक्टरबाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, "झालं का हो?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आत काय घडलं होतं ते समजून घेतलं, तर अपडेटची भीती जाऊन तिची जागा काळजी घेते. फर्मवेअर हा शब्द १९६७ साली अ‍ॅशर ओप्लर यांनी एका अमेरिकन संगणक मासिकातल्या लेखात वापरला. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधलं काहीतरी, असा त्यांचा रोख होता. आज राऊटरच्या बाबतीत फर्मवेअर म्हणजे त्याच्या फ्लॅश मेमरीत साठवलेली संपूर्ण कार्यप्रणाली. या मेमरीचे भाग पाडलेले असतात. सुरुवातीला बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम. वीज आली की तो पहिला जागा होतो, मेमरी तपासतो आणि पुढच्याला हाक मारतो. मग मुख्य प्रणाली, बहुधा लिनक्सवर आधारलेली. आणि शेवटी एका वेगळ्या कप्प्यात तुमच्या सेटिंग, पासवर्ड, नियम. म्हणूनच रीसेटचं बटण दाबलं की सेटिंग जातात पण फर्मवेअर राहतं, आणि फर्मवेअर बदललं तरी सेटिंग सहसा टिकतात.

फ्लॅश मेमरीचा स्वभाव शाळेच्या पाटीसारखा आहे. नवं लिहायचं तर आधी तो भाग पुसावा लागतो. पुसून झालंय आणि लिहून व्हायचंय, अशा मधल्या क्षणी वीज गेली, तर जुनंही नाही आणि नवंही नाही अशी अवस्था होते. दवाखान्यातल्या राऊटरचं तेच झालं होतं. पण बूटलोडरच्या कप्प्याला बहुतेक अपडेट हात लावत नाहीत, त्यामुळे तो शाबूत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपला ठरावीक पत्ता दिला, टाचणीने रीसेट दाबून धरत राऊटर चालू केला, दिवा लुकलुकायला लागला तेव्हा टीएफटीपी पद्धतीने फाईल पाठवली. पाऊण तासात राऊटर जिवंत झाला. खरा वेळ गेला तो पुढे. सेटिंगचा बॅकअप घेतलेला नव्हता. दुपारपर्यंत मी आठवून आठवून सगळं पुन्हा भरत बसलो, आणि बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांची नावं कंपाउंडर वहीत लिहून घेत होता.

हल्ली चांगल्या राऊटरांत मुख्य प्रणालीचे दोन कप्पे असतात. एक चालू, एक राखीव. नवं फर्मवेअर राखीव कप्प्यात पूर्ण उतरतं, तपासलं जातं आणि मगच चालू-राखीव अदलाबदल होते. मध्ये वीज गेली तरी जुना कप्पा जागेवर असतो. नवा राऊटर घेताना ही सोय आहे का, हे वेग किती आहे त्याच्या आधी विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात असतं.

आता 'चालतंय न्हवं' या मुद्द्याकडे. राऊटर चालतोय म्हणजे तो फक्त तुमच्यासाठीच चालतोय असं नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये मायक्रोटिकच्या राऊटरांत एक चूक सापडली. बाहेरून कुणीही, पासवर्ड न देता, राऊटरमधली पासवर्डची फाईल वाचू शकत होता. कंपनीने तातडीने, २३ एप्रिललाच, दुरुस्त फर्मवेअर दिलं. ते उतरवायला पाच मिनिटं लागत होती, पैसे लागत नव्हते. तरी ऑगस्टमध्ये आधी ब्राझीलमधून आणि मग जगभरातून बातम्या आल्या, की असे दोन लाखांच्या घरातले राऊटर कुणीतरी ताब्यात घेतलेत आणि त्यांच्यामार्फत लोकांच्या ब्राउझरमध्ये आभासी चलन काढणारा कोड घुसवला जातोय. त्या सगळ्या ठिकाणी नेट चालूच होतं. मालकांना वाटत होतं, जरा स्लो झालंय.

त्याच वर्षी मे महिन्यात सिस्कोच्या टॅलोस या संशोधन गटाने व्हीपीएनफिल्टर नावाची घुसखोरी उघड केली. निदान ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं. त्यात लिंकसिस, नेटगिअर, टीपी-लिंक, मायक्रोटिक अशी आपल्याही ओळखीची नावं होती. अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राऊटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. त्याने त्या घुसखोरीचे वरचे दोन थर जात होते, पण पहिला थर फ्लॅशमध्येच मुरलेला असल्याने रीस्टार्टनंतरही राहत होता. राऊटर बंद-चालू करणं हा आपल्याकडचा रामबाण उपाय. तो कुठे थांबतो, हे या प्रकरणातून कळतं.

आपल्या देशातही २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांवर असाच हल्ला झाला, आणि कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं की मोडेमबरोबर आलेला मूळ पासवर्ड बदला. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. आजही मी नव्या ठिकाणी गेलो की आधी हीच जोडी टाकून बघतो, आणि ती लागते तेव्हा वाईट वाटतं.

अपडेट केलं म्हणजे काम संपलं असंही नाही. २०१९ च्या जानेवारीत सिस्कोने छोट्या धंद्यांसाठीच्या आरव्ही ३२० आणि ३२५ या राऊटरांतल्या एका चुकीसाठी दुरुस्ती दिली. या चुकीमुळे बाहेरच्या माणसाला सगळ्या सेटिंग उतरवून घेता येत होत्या. मार्चमध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं, की दुरुस्तीने फक्त कर्ल या प्रसिद्ध साधनाचं नाव सांगून आलेली विनंती नाकारली जात होती. नाव बदललं की दार पुन्हा उघडं. एप्रिलमध्ये खरी दुरुस्ती आली. जानेवारीत अपडेट करून निर्धास्त बसलेला मालक एप्रिलपर्यंत उघड्यावरच होता. म्हणून मी म्हणतो, राऊटरला एक ठरलेली तारीख द्या. वर्षातून एकदा मोठा समारंभ करण्यापेक्षा दर महिन्याला दहा मिनिटं तपासणी पुरते.

तारीख कुठली निवडायची तेही धंदा बघून. जीएसटीच्या ११ आणि २० तारखांच्या आसपास राऊटरला हात लावू नये, पगाराच्या दिवशी नको, यार्डात मोठी आवक असते त्या दिवशी तर नकोच. पुण्याकडे गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात, तो दिवस टाळावा. महिन्यातला दुसरा रविवार सकाळी मला सोयीचा पडतो. नवं फर्मवेअर आलं की लगेच त्याच दिवशी टाकायची घाई मी करत नाही. एखादा आठवडा जाऊ देतो. पण कंपनीच्या सूचनेत चुकीचा गैरवापर सुरू झाल्याचं म्हटलं असेल तर थांबत नाही, त्याच रात्री जातो.

त्या हळदीच्या पेढीवर रॅक लावून झाल्यावर अपडेट केलं, ते असं. आधी यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून पाच मिनिटं तसाच ठेवला, म्हणजे बॅटरी खरोखर धरते का ते दिसलं. मग राऊटर उलटा करून तळाचं लेबल वाचलं. मॉडेल तर बघायचंच, पण त्याच्या शेजारी लहान अक्षरात हार्डवेअरची आवृत्ती असते, ती जास्त महत्त्वाची. टीपी-लिंकच्या राऊटरांवर पहिली, दुसरी अशी आवृत्ती छापलेली असते, आणि एकीचं फर्मवेअर दुसरीला चालत नाही, डबा बाहेरून हुबेहूब दिसत असला तरी. फाईल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेतली. चांगल्या कंपन्या फाईलवर डिजिटल सही करतात आणि राऊटर ती सही जुळल्याशिवाय फाईल घेत नाही, पण जुन्या डब्यांत ही तपासणी नसते. तिथे फाईल कुठून आली याची जबाबदारी आपली.

पेढीचा राऊटर मायक्रोटिकचा होता. त्यात बॅकअपचे दोन प्रकार आहेत आणि मी दोन्ही घेतो. एक त्याच राऊटरवर परत चढवायची बंद फाईल. दुसरी साध्या अक्षरांत लिहिलेली यादी, जी उद्या राऊटरच बदलला तरी वाचून वापरता येते. दोन्ही पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि पेन ड्राइव्ह मालकांच्या तिजोरीत गेला. मग लॅपटॉप केबलने जोडला. वायफायवरून अपडेट करायला बसू नये, मध्येच तुटतं. प्रणाली अपडेट झाली, राऊटर रीस्टार्ट झाला. इथे पुष्कळ जण थांबतात. मायक्रोटिकमध्ये बूटलोडरचं अपडेट राऊटरबोर्डच्या पानावर वेगळं असतं, ते दाबून दुसऱ्यांदा रीस्टार्ट करावं लागतं. बूटलोडरला हात लागतो तो या पायरीला, म्हणून यूपीएसची चाचणी आधी. दिवे सगळे विझले, पाच-सहा सेकंद अंधार, मग एक बीप, थोडं थांबून दुसरी. मालक खुर्चीतून उठून रॅकपाशी आले होते. "झालं?" मी म्हटलं, झालं.

नंतरची तपासणी अपडेटइतकीच महत्त्वाची असते. बिलाचा संगणक, प्रिंटर, दुसऱ्या गोदामाचा व्हीपीएन, हजेरीचं यंत्र, कॅमेरे, एकेक सुरू करून बघितलं. व्हीपीएन लागेना. जुन्या, कमकुवत झालेल्या गुप्तलेखनाच्या पद्धती नव्या फर्मवेअरने बंद केल्या होत्या. गोदामाच्या टोकाला सेटिंग बदलल्यावर लागला. बाहेरून राऊटरच्या लॉगिनचं पान उघडत होतं, ते बंद केलं. घड्याळ १९७० साल दाखवत होतं, कारण वेळ जुळवायची सोय कुणी चालूच केली नव्हती. चुकीच्या वेळेच्या नोंदी चौकशीत काही कामाच्या नसतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांना घड्याळं जुळवायला, नोंदी १८० दिवस ठेवायला आणि सायबर घटना ६ तासांत कळवायला सांगितलं आहे, ते याचसाठी.

एक कटू गोष्ट सांगायची राहिली. प्रत्येक राऊटरला असा एक दिवस येतो की त्यानंतर कंपनी त्याच्यासाठी फर्मवेअर काढत नाही. २०२२ च्या जूनमध्ये सिस्कोने आरव्ही ११० डब्ल्यू, आरव्ही १३० आणि २१५ डब्ल्यू यांच्यातल्या गंभीर चुकीबद्दल स्पष्ट सांगितलं, की या राऊटरांची मुदत संपली आहे, दुरुस्ती मिळणार नाही, नवे घ्या. ३१ जानेवारी २०२४ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केलं, की चीनशी संबंधित घुसखोरांनी तिथल्या शेकडो छोट्या राऊटरांचं जाळं विणलं होतं आणि ते न्यायालयाच्या परवानगीने तोडलं. त्यातले बहुतेक राऊटर सिस्को आणि नेटगिअरचे, मुदत संपलेले होते. चालत मात्र सगळे होते. पाच-सहा हजारांचा राऊटर आणखी दोन वर्षं ओढण्यात बचत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पेढीच्या रॅकच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला. त्यावर मॉडेल, हार्डवेअरची आवृत्ती, आजचं फर्मवेअर, बॅकअप कुठे आहे, कुठली केबल कुठे जाते आणि पुढच्या तपासणीची तारीख. तुमच्या दुकानात, दवाखान्यात, कारखान्यात रॅक असो वा नसो, हा कागद आज करता येईल. शटर ओढण्याआधी राऊटर उलटा करा, तळाच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा, आणि त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर कधीचं आहे ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघून घ्या.